फर्स्ट-पर्सन आरपीजी हवाय आणि कॅरेक्टर बिल्डिंगला खरंच अर्थ हवाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिल्डिंगला "अर्थ" आहे म्हणजे नेमकं काय?

फर्स्ट-पर्सन आरपीजी म्हणजे कॅरेक्टरच्या डोळ्यांतून दिसणारा आणि आपलं कॅरेक्टर आपणच घडवायचा गेम, आणि ते कसं घडवलं तो त्याचा बिल्ड. माझी टेस्ट सोपी आहे. गेम संपला की स्वतःला विचारायचं, आपल्या कॅरेक्टरला काय काय जमलं नाही? अमुक दार शेवटपर्यंत उघडलंच नाही, तमुक माणूस ऐकायलाच तयार झाला नाही, ती मोठी बंदूक हातात आली पण नेमच लागेना, अशी चार-पाच उत्तरं पटकन आठवली तर बिल्डला अर्थ होता. "काही नाही, सगळं जमलं" असं उत्तर आलं तर आपण नुसत्या लेव्हल वाढवत बसलो होतो, मग स्किल ट्री स्क्रीनभर पसरलेलं असो नाहीतर त्याला शंभर फांद्या असोत.

दुसरी गोष्ट म्हणजे पर्क (लेव्हल वाढली की निवडायची खास ताकद) वाचताना तो आकडा आहे की क्रिया आहे ते बघायचं. "तलवारीचं डॅमेज ५ टक्के जास्त" हा आकडा झाला, तो घेतला काय न घेतला काय, खेळायची पद्धत तीच राहते. "आता मेलेल्या माणसाशी बोलता येईल" किंवा "आता बंद कॉम्प्युटर हॅक करता येईल" ही क्रिया. आकडे थोडे असतातच, पण नुसतेच आकडे असतील तर मला कंटाळा येतो.

हा प्रॉब्लेम फर्स्ट-पर्सनमध्येच जास्त का येतो?

कारण नेम तुमचा हात धरतो, कॅरेक्टर नाही. वरून दिसणाऱ्या टर्न-बेस्ड गेममध्ये हल्ला लागला की नाही हे फासा ठरवतो, त्यामुळे स्टॅटला (कॅरेक्टरच्या आकड्यांना) आपोआप वजन येतं. फर्स्ट-पर्सनमध्ये क्रॉसहेअर (स्क्रीनवरची नेमाची खूण) शत्रूच्या डोक्यावर आहे, तुम्ही क्लिक केलं, आणि गोळी लागली नाही तर तुम्ही चिडणार. मग डिझायनरने करायचं काय, हाच सगळा झगडा आहे आणि प्रत्येक चांगल्या गेमने त्यावर वेगळा तोडगा काढलाय.

मॉरोविंडने (२००२) सरळ फासा ठेवला. तलवार शत्रूच्या अंगातून आरपार गेलेली दिसते आणि तरी "मिस". शॉर्ट ब्लेडचं स्किल कमी, त्यात तुम्ही पळत आलात म्हणून फटिग (दम) संपलेला, मग कसं लागणार. नवीन माणूस पहिल्या तासात इथेच वैतागून सोडतो, पण एकदा कळलं की आपण धावून दमलोय आणि खंजीर आपल्याला येत नाही, तर तीच गोष्ट आवडायला लागते.

डेउस एक्सने (२०००) मधला रस्ता काढला. रायफलचं स्किल शून्य असेल तर क्रॉसहेअर एवढं मोठं उघडतं की नेम धरून गप्प उभं राहावं लागतं, स्नायपरची दुर्बीण तर डोलतच राहते. म्हणजे हात तुमचा पण थरथर कॅरेक्टरची. मला स्वतःला हा तोडगा सगळ्यात पटतो.

आणि बऱ्याच नव्या गेम्सनी तिसरा, सोपा रस्ता धरला की नेम तुमचाच, स्टॅटने फक्त डॅमेज वाढवायचं. तिथे मग शत्रू म्हणजे गोळ्या शोषून घेणारं पोतं होतं, आणि बिल्ड म्हणजे ते पोतं किती लवकर रिकामं होतं एवढाच प्रश्न उरतो.

फार डोकं लावायचं नाहीये, एकच गेम सांगा.

फॉलआऊट: न्यू व्हेगास, २०१०, ऑब्सिडियनचा. दिसायला जुना, चालायला कधीकधी लंगडा, पण या विषयात अजूनही तोच पहिला.

का ते सांगतो. सुरुवातीला गुडस्प्रिंग्स नावाचं छोटं गाव आहे, त्यावर गुंडांची टोळी येणार असते. तुम्ही गावाच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं की तयारीचे रस्ते तुमच्या स्किलवर उघडतात, बार्टर (सौदेबाजी) बरं असेल तर दुकानदाराला पटवून गावकऱ्यांना सामान मिळवून द्यायचं, एक्सप्लोसिव्ह कळत असतील तर म्हातारा पीट डायनामाइट काढून देतो, मेडिसिन असेल तर डॉक्टरकडून औषधं. हे पहिल्या तासा-दोन तासातलं आहे हं. आणि संवादात स्किल चेक उघड दिसतो, तुमचे ४५ आणि लागणार ५०, त्यामुळे "पुढच्या लेव्हलला परत येतो" असा विचार करता येतो. फॉलआऊट ३ मध्ये तिथे जमण्याची टक्केवारी होती, म्हणजे सेव्ह करा, नाही जमलं तर लोड करा, परत करा, त्याला काय अर्थ. न्यू व्हेगासमध्ये स्किल कमी असताना तो डायलॉग निवडलात तर तुमचं कॅरेक्टर काहीतरी येडपटासारखं बोलून मोकळं होतं, ते वाचायला तरी एकदा निवडा.

पर्क दर दोन लेव्हलला एक, बेस गेमची मर्यादा लेव्हल ३०, म्हणजे पंधरा पर्क. एवढ्यात सगळं बसत नाही, आणि मजा तिथेच आहे. इंटेलिजन्स अगदी तळाला ठेवलात तर काही ठिकाणी बोलण्याचे पर्यायच बदलतात. आणि शेवटी जो राक्षसासारखा सेनापती उभा असतो त्याला स्पीच किंवा बार्टर पुरेसं असेल तर एकही गोळी न झाडता परत पाठवता येतं, तेही नुसत्या गोड बोलण्याने नाही, सैन्याला रसद कशी पुरवणार हे त्याला समजावून.

एक सूचना, डीएलसी (नंतर वेगळे आलेले जोड-भाग) चारही लावलेत तर मर्यादा ५० होते आणि मग कॅरेक्टर जरा जास्तच सर्वगुणसंपन्न व्हायला लागतं.

मग स्कायरिम यात बसतो का?

अर्धवट. स्कायरिम (२०११) मला आवडतो, तिथली भटकंती दुसऱ्या कुठल्या गेममध्ये नाही, पण बिल्डच्या टेस्टमध्ये तो नापास आहे. क्लास नाही, अठरा स्किल, जे वापराल ते वाढेल, आणि १.९ पॅचनंतर (दुरुस्ती-अपडेटनंतर) स्किल शंभरला नेऊन परत खाली आणता येतं त्यामुळे लेव्हलला मर्यादाच उरली नाही. म्हणजे वेळ दिलात तर एकच कॅरेक्टर सगळं होणार. सगळे जण शेवटी लपून बाण मारणारेच होतात हा विनोद उगाच नाही, लपून बाण मारणं एवढं फायद्याचं आहे की हात आपोआप तिकडे जातो.

आणि जग तुमच्या बिल्डकडे बघत नाही. जादूगारांच्या कॉलेजचा मुख्य व्हायला धड जादूही यायला लागत नाही, दोन-चार मंत्र आले की झालं. मॉरोविंडमध्ये कुठल्याही गिल्डमध्ये वरची पायरी हवी असेल तर त्या गिल्डला लागणारी स्किल आणि अ‍ॅट्रिब्यूट खरोखर तेवढी वाढवावी लागायची, आणि तीन मोठ्या घराण्यांपैकी एकातच शिरता यायचं.

मात्र स्कायरिमला मॉड्स (खेळाडूंनी बनवलेले बदल) लावलेत तर गोष्ट बदलते, त्याबद्दल खाली.

ऑब्लिव्हियन?

मॉरोविंड आणि स्कायरिमच्या मधला भाऊ. २००६ च्या मूळ गेममध्ये शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर वाढायचे, रस्त्यावरचा फाटका दरोडेखोर पुढे भारी ग्लास आर्मर घालून तुमच्याकडे थोडे पैसे मागायचा. त्यात बोलणं किंवा अ‍ॅथलेटिक्स असलं मुख्य स्किल म्हणून निवडलंत तर लेव्हल वाढायची, शत्रू तगडे व्हायचे आणि तुम्ही लढायला तिथेच. म्हणजे रोलप्ले करणाऱ्यालाच शिक्षा. २०२५ च्या रीमास्टरमध्ये (नव्याने सजवलेल्या आवृत्तीत) लेव्हल वाढवायची पद्धत बरीच सुधारली आहे, पण शत्रू बरोबरीने वाढणं आहेच.

सायबरपंक २०७७ आता घ्यायचा का?

घ्या. २०२० चं विसरा, सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या २.० अपडेटने स्किल ट्री जवळजवळ नव्यानेच लिहिली. आधी "अमुक टक्के जास्त" असल्या पर्कचा ढीग होता, आता उडी मारत हवेत पळणं, तलवारीने गोळ्या परतवणं, एका हॅकवर दुसरा हॅक रचणं असं काही मिळतं, म्हणजे क्रिया. बॉडीवाला आणि इंटेलिजन्सवाला कॅरेक्टर एकच खोली पूर्णपणे वेगळी साफ करतात, एक दार तोडून आत जातो आणि दुसरा बाहेर उभं राहून कॅमेऱ्यातून सगळ्यांना झोपवतो. आणि बॉडी किती आहे ते दार फोडताना बघितलं जातं, टेक्निकल अ‍ॅबिलिटी किती आहे ते कुलूप उघडताना, डायलॉगमध्येही अधूनमधून.

पाच अ‍ॅट्रिब्यूट आहेत, प्रत्येकाची कमाल २०, आणि लेव्हल ६० ला साधारण तीन फुल भरतात, उरलेल्या दोनांत जे सांडलं ते. पर्क कधीही परत घेता येतात पण अ‍ॅट्रिब्यूट एकदाच. ही वाटणी मला बरोबर वाटते, प्रयोग करायला जागा आहे आणि निर्णयालाही वजन आहे.

तक्रार एकच. सुरुवातीला नोमॅड, स्ट्रीट किड, कॉर्पो असं आयुष्य निवडायला लावतात आणि वाटतं आता गोष्टच वेगळी होणार, तसं काही होत नाही. पहिला छोटा भाग वेगळा, नंतर मधूनमधून एखादं वेगळं वाक्य. त्या निवडीवर तासभर विचार करू नका.

व्हॅम्पायरवाल्या ब्लडलाइन्सचं एवढं कौतुक का असतं?

कारण त्यात पहिल्याच स्क्रीनवर घेतलेला निर्णय शेवटपर्यंत मानगुटीवर बसतो. व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स, २००४, ट्रॉइका गेम्स. सात क्लॅन (व्हॅम्पायरची घराणी) आहेत. नॉस्फेरातू घेतलात तर तुम्ही एवढे भेसूर दिसता की माणसांच्या समोरून रस्त्याने चालणंच नियमभंग, सगळं शहर गटारांतून पार करायचं. मालकेव्हियन घेतलात तर तुमच्या प्रत्येक डायलॉगला वेगळंच लिखाण आहे, वेड्याचं, पण पुढे काय होणार ते त्या वेड्या बडबडीत आधीच आलेलं असतं. टीव्हीशी बोलता, स्टॉपच्या पाटीशी भांडता. व्हेंट्रूला कुणाचंही रक्त चालत नाही, गरीबगुरीब माणसाचं प्यायलं तर उलटी. एकच गेम, पण क्लॅन बदलला की शहर वेगळं दिसतं.

अजून एक, अनुभवाचे पॉइंट माणसं मारून मिळत नाहीत, काम पूर्ण केल्यावर मिळतात. त्यामुळे लपून गेलात, बोलून गेलात, भांडून गेलात, कमाई तीच. बिल्डला समान न्याय द्यायचा असेल तर हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे असं मला वाटतं, आणि अजूनही निम्मे गेम तो पाळत नाहीत.

दोन सावधगिऱ्या. फॅन लोकांनी बनवलेला अनऑफिशियल पॅच टाकल्याशिवाय सुरूच करू नका. आणि शेवटचा भाग लढाईने गच्च भरलेला आहे, तिथे फक्त बोलण्यावर जगलेलं कॅरेक्टर फार हाल भोगतं, तेव्हा थोडे पॉइंट हाणामारीत ठेवाच. २०२५ मध्ये आलेला ब्लडलाइन्स २ वेगळ्या स्टुडिओचा आहे, त्यात ठरलेलं कॅरेक्टर आणि जास्त अ‍ॅक्शन, त्याच अपेक्षेने घेऊ नका.

इमर्सिव सिम म्हणतात ते आरपीजी असतात का?

इमर्सिव सिम म्हणजे एकाच अडथळ्यातून अनेक मार्ग काढू देणारे गेम, त्यातले काही असतात. सिस्टम शॉक २ (१९९९) तर माझ्या मते या सगळ्यांत कडक. मरीन, नेव्ही, ओएसए (मानसिक शक्ती वापरणारी) यातली एक शाखा निवडायची, पुढे सायबर मॉड्यूल जमवून स्किल विकत घ्यायची, आणि मॉड्यूल कायम कमीच पडतात. असॉल्ट रायफल सापडली तरी स्टँडर्ड वेपन्स ६ नसेल तर ती धरताच येत नाही, बॅगेत ओझं म्हणून फिरवायची. बंदुका बिघडतात, दुरुस्ती वेगळं स्किल, देखभाल वेगळं, रिसर्च वेगळं. पहिल्यांदा खेळताना सगळ्यात थोडं थोडं घालायचा मोह होतो आणि त्यातच लोक मध्यावर अडकतात. २०२५ ला नाइटडाइव्हचा रीमास्टर आलाय, आता नवीन मशीनवर चालवायला झगडावं लागत नाही.

डेउस एक्सचं वर आलंच, अकरा स्किल, त्यात पोहणं हे स्किल कुणी का घ्यावं हा जुना विनोद. पण त्याचे ऑगमेंटेशन (शरीरात बसवायच्या सुधारणा) बघा, प्रत्येक डबीत दोन पर्याय, एक बसवला की दुसरा कायमचा गेला. एवढ्या साध्या नियमाने केवढं काम होतं.

प्रे (२०१७) मध्ये मेंदूत न्यूरोमॉड टोचून ताकद घ्यायची, त्यात परग्रहावरच्या प्राण्यांच्या ताकदी जास्त घेतल्या तर अंतराळ स्टेशनवरचे टरेट (आपोआप झाडणाऱ्या बंदुका) तुम्हालाच शत्रू समजून गोळ्या घालतात. कल्पना जबरदस्त. फक्त पुढे न्यूरोमॉड स्वतः बनवता येतात त्यामुळे शेवटी जवळपास सगळंच घेता येतं, तेव्हा पहिल्यांदा खेळताना स्वतःच एक बाजू धरून राहिलात तर जास्त मजा आहे.

डिसऑनर्ड वगैरे छान आहेत पण आरपीजी म्हणून घेऊ नका.

बॉर्डरलँड्स चालेल?

लूट आणि आकडे आवडत असतील तर खुशाल, तिथे बिल्डचं डोकं भरपूर लागतं. पण ते सगळं लढाईपुरतं, गोष्टीला तुम्ही कोण आहात याच्याशी देणंघेणं नाही.

किंगडम कम: डिलिव्हरन्स मध्ये तर कॅरेक्टर बनवताच येत नाही, मग त्याचं नाव का घेतात?

खरंय, हेन्रीच खेळावा लागतो, लोहाराचा मुलगा, १४०३ चा बोहेमिया. पण त्याला सुरुवातीला काहीच येत नाही, आणि हे गेम शब्दशः घेतो. वाचता येत नाही म्हणजे पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीसुलटी दिसतात, उझित्स गावातल्या लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं, मग हळूहळू शब्द जुळायला लागतात. तलवारीचंही तसंच, सुरुवातीला साधा गुंड तुम्हाला झोडपतो, कॅप्टन बर्नार्डकडे सराव केला की फरक हातातच जाणवतो. मळलेल्या, रक्ताने माखलेल्या कपड्यात कुणी इज्जत देत नाही, आंघोळ करून चांगले कपडे घातले की तोच सरदार नीट बोलतो.

बिल्डमध्ये "काय जमलं नाही" या टेस्टवर तो शेवटी घसरतो, कारण वापरून वापरून सगळंच येतं. पण पहिले वीस-तीस तास कॅरेक्टर वाढल्याचं जेवढं खरं वाटतं तेवढं मला दुसरीकडे वाटलेलं नाही. २०२५ चा दुसरा भागही त्याच वळणाचा, अजून मोठा.

आऊटर वर्ल्ड्स, अव्हाउड, स्टारफील्ड यातलं काय घेऊ?

तिघांचा थोडक्यात हिशोब देतो. आऊटर वर्ल्ड्स (२०१९) मध्ये फ्लॉ नावाची भन्नाट गोष्ट आहे, तुम्ही उंचावरून सारखे पडताय तर गेम विचारतो, उंचीची भीती घेणार का? घेतलीत तर एक पर्क फुकट. पण नॉर्मल डिफिकल्टीला गेम इतका सोपा आहे की चेक सगळे पार होतात. २०२५ च्या दुसऱ्या भागात ही ढिलाई बरीच कमी केलीय, सुरुवातीचा भाग संपला की पॉइंट परत घेता येत नाहीत, फ्लॉ पण जास्त खोडकर झालेत. दोघांतून दुसरा घ्या.

अव्हाउड (२०२५) लढायला मस्त, फायटर-रेंजर-विझर्ड कसंही मिसळा, थोडी नाणी मोजली की सगळं रिसेट. म्हणजे आराम आहे पण वजन कमी.

स्टारफील्डमध्ये (२०२३) ८२ स्किल आणि लेव्हलला एकच पॉइंट, ऐकायला कडक वाटतं ना? पण त्यातले कितीतरी पॉइंट जेटपॅक उडवणं, लपलोय की नाही हे कळणं असल्या मूलभूत गोष्टींसाठीच जातात. ट्रेट (सुरुवातीला निवडायची खासियत) मात्र छान आहेत, एक घेतला तर चक्क आईबाबा येतात गेममध्ये.

जुनं काही, खूप जुनं?

डॅगरफॉल, १९९६. स्वतःचा क्लास बनवता येतो आणि त्यात फायदे-तोटे असे लावता येतात की हा धातू वापरणार नाही, उन्हात भाजतो, अमुक प्राण्यांची भीती, आणि जेवढे फायदे घ्याल तेवढी लेव्हल हळू वाढते. आजही कुणी एवढं मोकळं सोडत नाही. मूळ गेम फुकट आहे आणि डॅगरफॉल युनिटी नावाच्या फॅन इंजिनमुळे आता नीट चालतो. जग मात्र मुद्दाम अवाढव्य आणि बरंचसं मशीनने रचलेलं, डंजनमध्ये हरवणं ठरलेलं.

एकट्याऐवजी अख्खी टोळी बनवायची असेल तर विझर्ड्री ८ (२००१), सहा जण, पंधरा प्रोफेशन, बघणं फर्स्ट-पर्सन, लढाई टर्नची. चौकटीचौकटीने चालायचं नवीन काही हवं असेल तर लेजंड ऑफ ग्रिमरॉक (२०१२), पण तिथे कोडी जास्त. आणि डार्क मसायाह ऑफ माइट अँड मॅजिक (२००६) फक्त लाथ मारण्यासाठी खेळा, पॉइंट कुठेही घाला, शेवटी लोकांना लाथेने खिळ्यांवरच ढकलणार तुम्ही.

स्टोअरवर शोधायचं कसं? सगळीकडेच आरपीजी टॅग असतो.

टॅगवर विश्वास ठेवू नका, आजकाल लेव्हल नावाचा आकडा दिसला की आरपीजीचा टॅग लागतो. "कॅरेक्टर कस्टमायझेशन" टॅगचा अर्थ तर बऱ्याचदा नाक-डोळे-केस एवढाच. मी काय करतो ते सांगतो.

पहिलं, गेमच्या विकीवर जाऊन पर्कची यादी वाचायची, ट्रेलर बघायच्या आधी. आकडे किती आणि क्रिया किती हे पाच मिनिटांत कळतं. मग दोन गोष्टी जोडून बघायच्या, एकूण पॉइंट किती खर्च करता येतील आणि शेवटपर्यंत मिळतात किती. मिळणारे जर एकूण खर्चाच्या जवळ असतील तर सगळ्यांचं कॅरेक्टर शेवटी एकच. "या गेममध्ये सगळं मॅक्स होतं का" असं सर्च केलंत तरी उत्तर मिळतं, कुणीतरी विचारलेलं असतंच.

दुसरं, कुठल्याही एका मधल्या क्वेस्टचं (गेममधल्या कामगिरीचं) वॉकथ्रू, म्हणजे ती पार कशी करायची ते सांगणारं पान, उघडायचं, मुख्य गोष्टीतलं नको, साइड क्वेस्टचं. त्यात "तुमचं हे स्किल एवढं असेल तर असं" अशी वाक्यं आहेत का? नसतील आणि फक्त इथे जा, याला मारा, परत या असं असेल तर उत्तर मिळालं. स्पॉयलर होतो थोडा, मान्य, पण एका साइड क्वेस्टचा झाला तर काय बिघडतं.

तिसरं, रिव्ह्यू वाचताना शिव्या घालणारे आधी वाचा. "माझ्या कॅरेक्टरला पुढे जाताच येईना", "शस्त्र वापरायला देत नाही", "निवड चुकली आता परत करावं लागणार" अशी तक्रार दिसली की माझे कान टवकारतात, कारण त्याला जो त्रास झाला तेच आपल्याला हवंय. उलट "सगळं काही करता येतं, कुठलंच बंधन नाही" असं कौतुक दिसलं की जपून.

आणि घेतलात तरी स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. फक्त चेहरा बनवण्यात दीड तास घालवू नका, घड्याळ तेव्हाही चालू असतं.

रिस्पेक (खर्चलेले पॉइंट परत घेऊन नव्याने वाटणं) असलेला गेम वाईट का?

नाही. कधीही, कितीही, फुकट असेल तर मात्र बिल्ड म्हणजे कपडे बदलल्यासारखं होतं, कुलूप आलं की कुलूपवाला, भांडण आलं की पैलवान. मर्यादित असेल तर चांगलंच, कारण पर्कचं वर्णन वाचून तो हातात कसा वाटेल हे कुणालाच कळत नाही.

बिल्ड फसला आणि अडकलो तर?

आधी बघा चूक तुमची की गेमची. डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशनमध्ये (२०११) सगळा गेम लपून, हॅक करून पार होतो आणि मध्येच बंद खोलीत बॉस समोर उभा, त्याला मारल्याशिवाय सुटका नाही. तिथे हॅकिंगवाल्याने काय करायचं? लोकांनी एवढा आरडाओरडा केला की २०१३ च्या डायरेक्टर्स कटमध्ये त्या खोल्यांत दुसरे मार्ग टाकले गेले, त्यामुळे आता तीच आवृत्ती घ्या. अशा ठिकाणी डिफिकल्टी तेवढ्यापुरती खाली करण्यात काही लाज नाही.

एरवी अडकलात तर शत्रूला सोडून सामानाकडे बघा. ग्रेनेड, माइन, विष, स्क्रोल, जे "पुढे लागेल" म्हणून साठवलंय ते काढा, ती वेळ हीच.

लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड नाही.

मग तुमचं नशीब चांगलं, या प्रकारातले चांगले गेम बहुतेक जुनेच आहेत. डेउस एक्स, मॉरोविंड, ब्लडलाइन्स, सिस्टम शॉक २ चा मूळ गेम, न्यू व्हेगास सगळे साध्या मशीनवर चालतात. मॉरोविंडसाठी ओपनएमडब्ल्यू हे फॅन इंजिन वापरा, जास्त स्थिर. न्यू व्हेगासला ४ जीबी पॅच लावा, नाहीतर मेमरी संपून मध्येच बंद पडतो. नव्यातला ड्रेड डिल्यूजन (२०२४) मुद्दाम जुन्या ओबडधोबड ग्राफिक्सचा आहे.

फर्स्ट-पर्सनमध्ये डोकं गरगरतं, काय करू?

फील्ड ऑफ व्ह्यू (दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) वाढवा, मॉनिटरजवळ बसत असाल तर ९० अंशांच्या आसपास. हेड बॉब (चालताना दृश्य हलणं) आणि मोशन ब्लर (हालचालीत दृश्य धूसर होणं) बंद करा. जुन्या गेममध्ये ही सेटिंग मेन्यूत नसते, ini फाइलमध्ये (गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) किंवा कन्सोलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) सापडते.

मॉड्सनी बिल्डिंग सुधारते का?

हो, आणि स्कायरिमला तर प्रचंड. ऑर्डिनेटर नावाचा मॉड टाकला की पर्कची झाडं भरगच्च होतात आणि त्यात क्रिया येतात. रिक्वीम त्याहून कडक, शत्रू तुमच्याबरोबर वाढत नाहीत, लेव्हल एकला ड्राउगरच्या (चालत्या प्रेतांच्या) थडग्यात गेलात तर परत येत नाही, आणि चिलखत घालून जादू करायची असेल तर तेही शिकावं लागतं. हाताशी स्कायरिम असेल तर एंडरल: फरगॉटन स्टोरीज (२०१९) फुकट मिळतो, तो तर अख्खा वेगळा गेमच आहे, वेगळं जग, स्किल पुस्तकं वाचून वाढवायची, आणि गोष्ट स्कायरिमपेक्षा कितीतरी पटीने चांगली लिहिलेली.

पहिल्यांदाच खेळत असाल तर फक्त बग काढणारे मॉड लावा. दोनशे मॉड जोडण्यात आठवडा घालवून गेम सुरूच न करणारे लोक मी बघितलेत.

पहिलं कॅरेक्टर कसं बनवू? इंटरनेटवरचं बेस्ट बिल्ड घेऊ का?

नको. ते बिल्ड गेम आधी पार केलेल्या माणसाने बनवलेलं असतं, त्यात शोधण्यासारखं काही उरत नाही. दोन गोष्टींत पक्कं, एका गोष्टीत बरं, बाकी शून्य, एवढाच नियम ठेवा. दोनपैकी एक लढायची आणि एक न लढायची, म्हणजे उदाहरणार्थ बंदूक आणि स्पीच, किंवा लपणं आणि हॅकिंग. मग एक ठळक कमतरता मुद्दाम घ्या, जी रोज नडेल अशी. न्यू व्हेगासमध्ये करिष्मा एकवर टाकणं ही कमतरता नाही, तो स्टॅट तसाही फार कामाचा नाही, पण स्ट्रेंग्थ कमी ठेवली तर शस्त्रं निवडताना आणि सामान उचलताना प्रत्येक वेळी आठवण होते.

थर्ड-पर्सनचा पण ऑप्शन असेल तर?

चालेल, स्कायरिम, फॉलआऊट, ब्लडलाइन्स सगळ्यात आहे. ब्लडलाइन्समध्ये तर हाणामारीचं शस्त्र काढलं की कॅमेरा आपोआप मागे जातो. डंजनमध्ये कोपऱ्यापलीकडे डोकावायला थर्ड-पर्सन वापरणं ही चीटिंग आहे का, यावर लोक अजून भांडतायत. मी वापरतो.